सायलेन्सर

सकाळी सातला गाडीखाली शिरताना
रायलीला म्हणालो होतो, दोन तासांचं काम.
चार नट, दोन पट्टे, एक नळी.

पहिला नट सुटला. तिथंच घात झाला.
पहिला सुटला की माणूस शीळ घालायला लागतो.
दुसऱ्याचं मुंडकं झिजून गोल;
तेराचा पाना गरगर फिरतो, बाराचा शिरत नाही,
आणि तेरा-बाराच्या मधलं काही
जगात कुणी घडवलेलंच नाही.

तेल मारलं. थांबलो. पुन्हा तेल.
हातोडीनं हलकेच. मग तितकं हलकेच नाही.
ही साब याच गावात जन्मली, उसिकाउपुंकीत,
आणि इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकलेलं
पन्नास वर्षांचं मीठ तिच्या आट्यांत मुरलंय,
बरणीतल्या हेरिंगमध्ये मुरावं तसं.
लोखंड कुठं संपलं, गंज कुठं सुरू झाला
हे आता त्या दोघांनाही आठवत नसेल.

तिसरा मात्र आला.
लोण्यात सुरी जावी तसा पाना फिरला,
आणि इतकं मऊ फिरणं बरं नव्हे
हे डोक्यात येईतो
निम्मा बोल्ट छातीवर पडला.
निम्मा वर राहिला, इंजिनाशी एकजीव.

आउलिस आला. शेजारी आहे, येतोच.
"गरम कर," तो माझ्या बुटांना म्हणाला.
"केलाय."
"मग गार होऊ दे."
कॉफीचा कप माझ्या घोट्यापाशी ठेवून गेला.
सरपटत बाहेर आलो तो लाथ लागली,
कॉफी पुठ्ठ्यात जिरली. त्याच पुठ्ठ्यावर
मी उरलेला दिवस पाठ टेकून काढला.

दुपारी स्वीडनहून आलेली नवी नळी उघडली.
खोक्यावर छापलं होतं: तंतोतंत बसते.
कुणाच्या गाडीला, ते छापलं नव्हतं.
दोन बोटं कमी.
पुढून ओढली तर मागचं रबर निसटतं,
मागचं धरून ठेवावं तर पुढचं तोंड
रुसलेल्या जावयासारखं भिंतीकडे.
इथंच घोडं पेंड खातं म्हणतात ते हे.
माझं तर खाऊन झोपलंसुद्धा.

कानस. करवत. डोळ्यात गंजाचा खवला,
रायलीच्या भुवया उपटायच्या चिमट्यानं
तिनंच काढला, एक शब्द न बोलता.
ते न बोलणं मी नीट ऐकलं.

मग रात्र झाली. म्हणजे घड्याळात झाली.
जूनमध्ये इथं अंधार पडत नाही,
हात टेकायला निमित्त मिळत नाही.
अडकलेल्या बोल्टाच्या पोटात ड्रिल घातला,
एक पातं मोडलं, दुसरं मोडलं,
तिसऱ्यावेळी मी श्वास धरला होता की देव, ठाऊक नाही.
साडेअकराला पट्टा आवळला,
सांध्यावर पेस्ट थापली, किल्ली फिरवली.

गर्जना नाही.
नुसतं कुणी सभ्य माणसानं घसा साफ करावा, तसं काही.

रायलीला उठवून बंदरापर्यंत नेली.
झोपेच्या कपड्यांवर माझा कोट घालून बसली होती ती.
पाणी पांढरं, क्रेन उभ्या, रस्ता आमचाच.
"शनिवारी अकराला येतायत ते," ती म्हणाली.
"कोण?"
"बोट बघायला. विकायची ना.
तू हो म्हणालास. दोनदा. याच गाडीत."

दोन उन्हाळे मी त्या गडगडाटात
तिच्याकडे बघून मान हलवत आलोय.
बोट गेली, ती कळली.
आणखी काय काय कबूल करून बसलोय
ते विचारायचा धीर झाला नाही.

शांततेत दाराची एक बारीक शिट्टी ऐकू आली.
तिच्याखाली, मागच्या डाव्या चाकातून,
अडकलेल्या माशीसारखी एक घूंऽऽ.
बेअरिंग असावं.

"दोन तासांचं काम आहे," मी म्हणालो.
त्यावर ती जे म्हणाली
ते मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.